मोजणाऱ्यांची संस्था : महाराष्ट्राच्या विकास मंडळांची २६ वर्षे

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठीची तीन वैधानिक विकास मंडळे १ मे १९९४ रोजी एकाच दिवशी अस्तित्वात आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपून एकाच दिवशी थांबली. नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि मुंबई येथे त्यांची कार्यालये होती. मंडळांनी धरण बांधले नाही, शाळा काढली नाही, रस्त्यावर खडीची एक पाटीही टाकली नाही. ते त्यांचे कामच नव्हते. कोणत्या भागाला काय मिळाले, किती कमी मिळाले, दिलेले पोचले का, हे मोजायचे आणि राज्यपालांमार्फत विधानसभेपुढे ठेवायचे, एवढेच त्यांच्याकडे होते. संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती आणि उद्घाटने सांगण्याची रीत आहे. या संस्थेच्या बाबतीत सांगण्यासारखे आहे ते आकडे, तारखा आणि त्यांवरून झालेली भांडणे. ती भांडणेच मला तिची कमाई वाटते.

मंडळांची मुळे राज्य जन्माला येण्याच्याही आधी जातात. ८ ऑगस्ट १९४७च्या अकोला करारात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ यांनी एकत्र कसे नांदायचे याची पहिली बोलणी झाली. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात ती शब्दबद्ध झाली. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, देवीसिंग चौहान अशा तिन्ही भागांतील नेत्यांच्या त्यावर सह्या आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, सरकारी नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात वाटा, वर्षातून ठरावीक काळ सरकारचा मुक्काम नागपुरात, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष, ही त्यातली मुख्य कलमे. आज हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते ते या करारामुळेच. संत्र्यांच्या आणि मोर्च्यांच्या बातम्यांत त्या अधिवेशनाचे मूळ प्रयोजन हरवून जाते, हे वेगळे सांगायला नको.

नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते. नव्या राज्यात यायचे म्हणजे राजधानीपण सोडून यायचे होते. शिवाय राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, म्हणजे वैदर्भीयांपुढे दुसरा रस्ताही होता. मराठवाड्याची कथा निराळी. निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ला सुटलेला हा प्रदेश १९५६ साली मुंबई राज्यात आला, तोही कोणतीही अट न घालता, असे तिकडची माणसे आजही अभिमानाने आणि थोड्या कडवटपणाने सांगतात. नागपूर करारातली हमी पुढे संविधानात आली. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये तरतूद झाली, की राष्ट्रपती आदेश काढून विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळे स्थापण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवू शकतील. विकासखर्चाचे समन्यायी वाटप आणि तांत्रिक शिक्षण व नोकऱ्यांची पुरेशी संधी या बाबीही त्यातच आहेत. द्विभाषिक मुंबई राज्याच्या काळात सौराष्ट्र आणि कच्छही याच कलमात होते. गुजरातने ती मंडळे कधी स्थापलीच नाहीत.

‘सोपवू शकतील’ म्हटले की सोपवलेच पाहिजे असे नाही. कलम आले १९५६ साली, मंडळे आली १९९४ साली.

मधल्या ३८ वर्षांत सरकार गप्प बसले होते असे मात्र नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले. १९६४ साली मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना आली. पुढे तालुक्यांना मागासलेपणानुसार अक्षरांचे गट देऊन सवलतींची पायरी ठरवली गेली. मराठवाडा विकास महामंडळ १९६७ साली स्थापन झाले, विदर्भ, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राची महामंडळे त्यामागोमाग आली. वाळूजसारखी वसाहत उभी राहिली, औरंगाबादचे रूप पालटले. पण कारखाना सवलतीपेक्षा बाजार, बंदर आणि सुटे भाग बनवणारे शेजारी यांना अधिक भुलतो. त्यामुळे ठाणे-बेलापूर आणि पिंपरी-चिंचवड हेच पट्टे फुगत राहिले आणि बीड-परभणी, वाशीम-गडचिरोली सवलतीच्या यादीत वरच्या गटात राहूनही रिकामे राहिले. प्रादेशिक महामंडळांची गत काय झाली, त्यावर एक वेगळा आणि बराच दुःखी लेख होईल.

असंतोष साचत होता. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले. त्यात विद्यार्थी पुढे होते. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे, हैदराबाद मुक्तिसंग्रामात तावून निघालेले नेते मराठवाडा जनता विकास परिषदेतून अनुच्छेद ३७१ची अंमलबजावणी मागत राहिले. विदर्भात स्वतंत्र राज्याची मागणी कधी जोरात, कधी मंद, पण विझली कधीच नाही. या सगळ्यात एक अडचण होती. तक्रार सर्वांची होती, हिशेब कुणाकडेच नव्हता. विदर्भाचा आमदार ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणे, तेव्हा कोकणचा आमदार उठून ‘आमच्यावर जास्त’ म्हणे, आणि दोघांचेही खरे असू शके.

हा हिशेब मांडायला १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. दांडेकर म्हणजे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, नीलकंठ रथ यांच्याबरोबर भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास करणारे. आकड्यांच्या बाबतीत कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारा माणूस अशा समितीला लाभणे हा राज्याचा योगच म्हणायचा. समितीने पद्धत निवडली ती सोपी होती. सिंचन, रस्ते, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट मोजायची. ती भरून काढायला किती रुपये लागतील ते मांडायचे. जो जिल्हा सरासरीच्या वर, त्याचे वरचे माप दुसऱ्याच्या तुटीत वळते करायचे नाही. एप्रिल १९८४ मध्ये आलेल्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी.

शेवटचा आकडा अनेकांना खटकला. उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष ३७ टक्के? पण दांडेकरांनी जिल्हा हा घटक धरला होता आणि त्या घटकावर रत्नागिरी, धुळे हेही तुटीतच होते. सिंचनाचे माप त्याहून नाजूक होते. उसाचे एक हेक्टर आणि ज्वारीचे एक हेक्टर सारखे धरले तर पाण्याचा हिशेबच कोलमडतो. म्हणून वेगवेगळ्या पिकांखालचे क्षेत्र रब्बीच्या समतुल्य हेक्टरांत बदलून मोजण्याची रीत आली. या एका रीतीवर पुढे किती वाद झाले याची गणती नाही, पण तिला चांगला पर्याय मात्र वाद घालणाऱ्यांना सहजी सापडला नाही.

सरकारने अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही. तरीही २६ जुलै १९८४ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विकास मंडळे स्थापण्याची विनंती करणारा ठराव केला. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. ठरावानंतर दहा वर्षे गेली. त्या दहा वर्षांत सरकारे आली, गेली, आणि प्रत्येकाने मंडळांना तत्त्वतः पाठिंबा दिला. अखेर ९ मार्च १९९४ रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला, ३० एप्रिलला राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांनी मंडळे स्थापण्याचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्र दिनी, काम सुरू झाले.

मंडळात लोकप्रतिनिधी होते, विविध विषयांचे तज्ज्ञ सदस्य होते, विभागीय आयुक्त होते आणि सदस्य-सचिव म्हणून अधिकारी. कामे चार: विकासाची सापेक्ष पातळी आणि अनुशेष निश्चित करणे, झालेल्या प्रयत्नांचा परिणाम तपासणे, खर्चाची पातळी सुचवणे आणि वार्षिक अहवाल देणे. खरा दात होता तो राज्यपालांच्या आदेशातल्या निधीविषयीच्या तरतुदीत. राज्यपालांनी केलेले वाटप अर्थसंकल्पात दिसले पाहिजे आणि एका मंडळाच्या क्षेत्रासाठी दिलेला पैसा दुसऱ्या मंडळाच्या क्षेत्रात वळवता येणार नाही. लोकनियुक्त सरकारच्या तिजोरीवर राज्यपालांनी असे बंधन घालावे का, हा प्रश्न लोकशाहीच्या दृष्टीने साधा नाही, आणि मंत्रालयातली कुरकुर मला अगदीच अनाठायी वाटत नाही. पण जे काम बहुमताच्या हिशेबात कायम मागे पडते, त्यासाठीच घटनेने बहुमताबाहेरचा माणूस नेमला होता.

राज्यपालांनी निर्देशांक व अनुशेष समिती नेमली. तिने १९९७ साली आणि पुन्हा २००० साली अहवाल दिले. १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष आता १४,००६.७७ कोटी ठरला. विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी. दांडेकरांच्या आकड्याशी याची थेट तुलना करू नये, कारण भाव वाढले होते आणि निकषही बदलले होते. वाट्यांकडे मात्र बघता येते. विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला, मराठवाड्याचा सुमारे २४ वरून जवळजवळ २९ वर, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ वरून २४ वर उतरला. अनुशेष दूर करण्याची भाषा सगळ्यात मोठ्याने बोलली गेली त्याच दशकात मागे असलेले आणखी मागे गेले. मंडळांच्या सगळ्या कागदपत्रांतली ही सर्वांत बोलकी नोंद आहे.

पैसा कुठे गेला, याचे उत्तर पुष्कळसे कृष्णा खोऱ्यात आहे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि ३१ मे २०००नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. तोवर पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, ही धास्ती होती. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, त्याने बाजारात रोखे विकून पैसा उभा केला आणि धरणांची कामे झपाट्याने निघाली. धास्ती खोटी नव्हती. पण मंडळांच्या पहिल्याच पाच वर्षांत राज्याची सिंचनातली सगळी घाई एका खोऱ्याकडे वळली. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ साली आले, मराठवाड्याचे त्यानंतर.

१५ डिसेंबर २००१ रोजी राज्यपाल अलेक्झांडर यांनी अनुशेष निवारणासाठी सविस्तर निर्देश काढले. त्यानंतरची काही वर्षे हा संस्थेचा सर्वांत जिवंत काळ. विधान परिषदेत अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख एकेका नियतव्ययाचा, एकेका परिपत्रकाचा पाठलाग करीत. मंडळांच्या अहवालांचा असा वापर करणारे आणखी पाचदहा आमदार असते तर हा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. नागपूर खंडपीठापुढे याचिका गेल्या. ‘अनुशेष’ हा शब्द पानटपरीवर पोचला.

आणि तरीही पैसा दिला म्हणजे पाणी पोचत नाही. विदर्भातल्या सिंचनाची अडचण निधीपुरती नव्हती. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात ज्या जमिनींवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद होती, त्यांना १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर केंद्राची मंजुरी लागू लागली. झुडूप असो वा नसो, प्रकल्प अडला. भूसंपादन रखडे, पुनर्वसन त्याहून रखडे. अभियंत्यांची पदे रिकामी राहत, कारण गडचिरोली-चंद्रपूरची बदली ही शिक्षा समजण्याची आपल्या प्रशासनाची जुनी सवय आहे. गोसीखुर्द घ्या. वैनगंगेवरच्या या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ किंमत ३७२ कोटी. सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे मंत्रालयाच्या बोलीत ‘सुप्रमा’, एकामागून एक मिळत गेल्या, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, २०१६च्या सुप्रमात किंमत १८,४९४ कोटींवर गेली. धरणात पाणी अडले, पण वितरिका आणि शेतचाऱ्या मागे राहिल्या. अनुशेषाच्या तक्त्यात खर्च झालेला रुपया ‘दूर झालेला अनुशेष’ म्हणून दिसे. लाभक्षेत्रातला शेतकरी आभाळाकडेच बघत राही.

मंडळांच्या पद्धतीतले वैगुण्य इथे आहे, आणि ते त्यांच्या विरोधकांनी नव्हे तर हितचिंतकांनी आधी बोलून दाखवायला हवे होते. मोजमाप १ एप्रिल १९९४ या तारखेवर गोठवले गेले. त्या दिवशीची तूट रुपयांत ठरली, दरवर्षी तेवढे रुपये वजा होत गेले, आणि २०११च्या सुमारास सरकारने आर्थिक अनुशेष संपल्याचे सांगितले. शिल्लक राहिला तो अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांतला सिंचनाचा भौतिक अनुशेष, म्हणजे प्रत्यक्ष हेक्टरांतला. दरम्यान राज्याची सरासरी पुढे सरकली होती. १९९४नंतर तयार झालेली दरी कोणत्याच खात्यात नोंदली जात नव्हती. वही बंद करून बाकी शून्य दाखवावी, असाच हा प्रकार झाला.

त्या बंद वहीबाहेर काय चालले होते? २००२च्या राज्य मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक १ होता, गडचिरोलीचा ०.२१. वऱ्हाडात कापसाच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांना सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. त्याच वर्षी राज्याने मानव विकास मिशन सुरू केले, २०११ साली ते २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांपर्यंत नेले. जिल्ह्याऐवजी तालुका बघण्याचा शहाणपणा तिथे आला, पण तो मंडळांच्या बाहेर आला.

तिसऱ्या मंडळाविषयी दोन शब्द, कारण त्याची आठवण कुणी काढत नाही. उर्वरित महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे आहेत, तसेच नंदुरबार, धुळे आणि सिंधुदुर्गही. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांची सरासरी नरिमन पॉइंटबरोबर काढली, तर पाडे दिसेनासे होतात. दांडेकरांनी जिल्हा घटक धरून हे टाळण्याचा प्रयत्न केला होता. निधीचे वाटप तीन प्रदेशांत होऊ लागले तसा तो प्रयत्न वाया गेला. कोकण आणि उत्तर महाराष्ट्रासाठी वेगळ्या मंडळांची मागणी यातूनच उठली.

एखाद्या प्रदेशाच्या रक्षणासाठी केलेला नियम त्याच प्रदेशावर उलटतो, याचाही अनुभव आला. वैद्यकीय प्रवेशात प्रदेशनिहाय ७०:३० चे सूत्र होते: सत्तर टक्के जागा त्या त्या भागातल्या विद्यार्थ्यांना. मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी, त्यामुळे तिथल्या मुलांना हे सूत्र जाचू लागले आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. पाण्याच्या बाबतीत मराठवाड्याला मंडळांपेक्षा २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने जास्त दिले. वरच्या, म्हणजे नगर-नाशिकच्या, धरणांनी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावे, हा आदेश प्राधिकरणाने २०१४ साली दिला आणि उच्च न्यायालयाने २०१६ साली तो उचलून धरला. नगर-नाशिकची नाराजी अजून ओसरलेली नाही.

मे २०११ मध्ये डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१३ साली तयार झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला. केळकरांनी जुन्या अनुशेषाच्या जागी विकासातली आजची तूट मोजायला आणि तालुक्यापर्यंत खाली जायला सांगितले. विदर्भ-मराठवाड्यातून त्याला विरोध झाला. जुना हक्काचा आकडा सोडून नव्या, न तपासलेल्या मापावर कसे जायचे, ही भीती समजण्यासारखी होती. पण त्या विरोधामुळे १९९४च्या तारखेपासून सुटण्याची एक संधीही गेली.

शेजारच्या कर्नाटकाने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली तालुकावार मोजणी करून ११४ तालुके मागास ठरवले, आणि बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यासाठी ९८व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे आले. मराठवाडा आणि तो पट्टा कालपर्यंत एकाच निजामाच्या राज्यात होते. नोकरी आणि शिक्षणातल्या राखीव वाट्याची नेमकी तरतूद तिकडे झाली. आपल्याकडे ती संविधानात ‘पुरेशी संधी’ या दोन शब्दांवर थांबली.

मंडळांना मुदतवाढ मिळत गेली, कधी पाच वर्षांची, कधी त्याहून कमी. २०२०च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती आणि मुदत संपल्याची बातमी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत गेली. १ मार्च २०२१ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले, की राज्यपालांनी विधान परिषदेवर १२ सदस्यांची नियुक्ती केली की मंडळांची घोषणा करू. समन्यायी वाटपाची घटनात्मक यंत्रणा आमदारकीच्या बारा जागांच्या देवघेवीत येऊन बसली, आणि सभागृहात गोंधळ झाला. २७ सप्टेंबर २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याची विनंती करण्याचा निर्णय घेतला. निर्णयात प्रदेश तेच तीन आहेत: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. नंदुरबार आणि मुंबई त्यातही एकाच मंडळात आहेत.